पळसाला पानं तीनच, पण गोष्ट मोठी



होळी तोंडावर आली आहे आणि आमच्या धुऱ्यावरचे पळस पेटल्यासारखे फुलले आहेत. अंगावर पान एक नाही, नुसती फुलं. सकाळी शेताकडं गेलो की साळुंक्या, कोतवाल, खारी आणि ते इवलेसे शिंजीर, सगळ्यांची फुलातल्या रसासाठी झुंबड असते. दरवर्षी मी हे बघतो आणि पुढं जातो. यंदा मात्र थांबून बघतो आहे, कारण ही फुलं पुढच्या वर्षी दिसतील की नाही याचा निर्णय आम्हाला करायचा आहे.

झालं असं. दिवाळीनंतर धान कापायला हार्वेस्टर बोलावला. माझी बांधी झाली, चुलतभावाच्या बांधीत जायचं तर मधल्या धुऱ्यावर चौदा पळस. मशीन वळेना. शेवटी लांबून फेरा मारून नेला, त्यात तासभर गेला आणि तासाचे पैसे पडले. चुलतभाऊ वयानं माझ्याहून मोठे. ते म्हणाले, "हे पळस कायले ठेवले बाबू? ना फळ, ना लाकूड. सावलीनं दोन तास धान पिकत नाही. उन्हाळ्यात जेसीबी सांगतो, एका दिवसात धुरा साफ." धुरा दोघांच्या सामाईक मालकीचा. बोलणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, होळीपर्यंत थांबा जी. मग बसून बोलू."

तेव्हापासून पळसाबद्दल जे जे मिळेल ते गोळा करत आलो. काही आज्याकडून लहानपणी ऐकलेलं, काही आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी सांगितलेलं, काही कृषी विज्ञान केंद्रातल्या लाख प्रशिक्षणात वहीत उतरवलेलं. मी दहावी पास माणूस, इतिहासकार नाही. पण धुऱ्यावरचं झाड तोडायच्या आधी ते कोण आहे एवढं तरी माहीत असावं, म्हणून लिहितो.

नाव आणि गाव

पळस हे शेंगवर्गातलं झाड. म्हणजे तूर, हरभरा, लाखोळी यांच्या मोठ्या कुळातलं. फूल नीट उकलून बघा, तुरीच्या फुलासारखीच बांधणी दिसेल, फक्त मोठी आणि केशरी. शेंग चपटी, आणि तिच्या टोकाला एकच बी. बाकीची शेंग म्हणजे वाऱ्यावर उडायचं पंख. शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. आणि ब्युटिया हे नाव कोणाचं माहीत आहे? अर्ल ऑफ ब्यूट नावाच्या स्कॉटिश सरदाराचं. तो १७६२-६३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता आणि त्याला वनस्पतींचा नाद होता. आपल्या रानातल्या झाडाच्या कपाळावर विलायतेच्या पंतप्रधानाचं नाव लागलं, आणि झाडाला त्याचा पत्ताही नाही.

आपल्याकडची नावं जास्त जुनी आणि जास्त नेमकी आहेत. संस्कृतात किंशुक म्हणतात. किम् शुक, म्हणजे हा पोपट तर नव्हे? फुलाचा बाक पोपटाच्या चोचीसारखा असतो म्हणून. वेदात त्यालाच पर्ण म्हटलं आहे. मराठीत म्हण आहेच, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. एका देठावर तीन पानं, ती झाडीपट्टीतही तीन आणि कोकणातही तीन.

गावांची नावं बघा. पळसगाव आमच्या विदर्भात किती तरी आहेत. कर्जतजवळ पळसदरी आहे, इंदापूर तालुक्यात पळसदेव आहे. आणि सगळ्यांत मोठं नाव म्हणजे बंगालमधली पलाशी. २३ जून १७५७ ला तिथं क्लाइव्हनं सिराजउद्दौलाला हरवलं आणि कंपनी सरकारचा पाय या देशात पक्का रोवला गेला. शाळेत आपण प्लासीची लढाई म्हणून पाठ केली. ती प्लासी म्हणजे पलाशी, पळसाचं गाव. लढाई जूनमध्ये झाली, म्हणजे तेव्हा झाडावर फुलं नसणार. फुलं गळून, शेंगा वाळून, नवी पानं मोठी झाली असणार. शेतकऱ्याच्या डोक्यात इतिहास वाचतानाही असंच चालू असतं.

घरात आणि गोठ्यात पळस

आमच्या लहानपणी पळसाशिवाय घर चालत नव्हतं. लग्नाच्या आठ दिवस आधीपासून बाया पत्रावळी आणि द्रोण लावायला बसायच्या. पानांची चळत, बारीक काड्या आणि गप्पा. जेवण झालं की पत्रावळ उकिरड्यावर, तिथून खतात, खतातून बांधीत. आता थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्या आल्या. त्या मात्र बांधीत तशाच सापडतात, दहा वर्षांनीही.

फुलं रात्री पाण्यात उकळायची, सकाळी होळीचा रंग तयार. केशरी-पिवळा, अंगाला खाज नाही. मुळ्या ठेचून त्याचे दोर वळायचे आणि चुना मारायचा कुंचा करायचा. सालीला खाच दिली की लाल डिंक येतो. त्याला कमरकस म्हणतात, बाळंतिणीच्या लाडवात तो पडायचा. बियांना पळसपापडी म्हणतात, ती जंतावर वैदू देत. पण ती मापानं द्यायची वस्तू आहे, कोणी आपल्या मनानं लेकराला देऊ नका. म्हशी पानं खातात. पाला चिखलणीच्या वेळी बांधीत तुडवला तर हिरवळीचं खत होतं.

पोळ्याला आमच्याकडं दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात, त्याला मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ते काढून गावाबाहेर टाकायचे, मारबतीबरोबर गावची रोगराई, माश्या, डास सगळं निघून जावं म्हणून. मुंजीत बटूच्या हातात दंड देतात तोही पळसाचा. म्हणजे बैलापासून बटूपर्यंत सगळ्यांना हे झाड लागायचं. पण ते कोणी लावलं, पाणी घातलं, असं कधी ऐकलं नाही. आपोआप आलेल्या गोष्टीला आपल्याकडं किंमत नसते. तिथंच पळसाची गोष्ट बिघडली असं मला वाटतं.

लाखेची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. पळसाचं खरं पीक फूल नाही, लाख आहे.

लाख म्हणजे झाडाचा डिंक असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. लाखेचा किडा असतो, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा. पिल्लं लाल रंगाची, मुंगीसारखी रांगत कोवळ्या फांदीवर जातात, सोंड सालीत खुपसतात आणि रस ओढू लागतात. मादी एकदा बसली की मरेपर्यंत जागा सोडत नाही. आपलं अंग झाकायला ती जो चीक बाहेर टाकते तो वाळून कवच होतो, तीच लाख. एका फांदीवर इतके किडे बसतात की मोजता येत नाहीत. लाख हा आकडाही त्यावरूनच आला असं सांगतात.

हे ज्ञान आपल्याकडं फार जुनं. अथर्ववेदात लाक्षेवर एक अख्खं सूक्त आहे, जखम भरून आणणारी म्हणून. ती कोणत्या झाडांवर होते तेही त्यात सांगितलं आहे, आणि त्या झाडांत पर्ण म्हणजे पळस आहे. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं. म्हणजे एवढ्या जुन्या काळीही कोणी तरी पळसाखाली उभं राहून फांदी निरखत होतं. महाभारतात वारणावतला पांडवांना जाळण्यासाठी लाक्षागृह बांधलं, कारण लाख भडकन पेटते. अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरीत दारं-खिडक्यांना लावायच्या लाखेच्या रोगणाचा हिशोब आहे. बांगड्या, खेळणी, सोनाराच्या दागिन्यातलं भरण, सरकारी लखोट्यावरची मोहोर, सगळीकडं लाख.

युरोपातल्या लोकांना हा किडा नीट कळला तो १७८१ मध्ये. पाटण्याला राहणाऱ्या जेम्स केर नावाच्या माणसानं त्यावर निबंध लिहिला. किड्याचं आजचं शास्त्रीय नाव केरिया लाक्का आहे, त्यातला केरिया म्हणजे हाच केर. इकडं झाडावर लाख लावणारे गोंड, हलबा, ढिवर, कुणबी किती पिढ्या झाल्या असतील, त्यांचं नाव कशालाच नाही.

आधी रंग, मग तबकडी

यापुढचा भाग शेतकऱ्यानं नीट वाचावा, कारण यात बाजार कसा फिरतो ते दिसतं.

कच्ची लाख धुतली की लाल पाणी निघतं. कंपनीच्या काळी खरा माल हे लाल पाणीच होतं. त्याचा रंग करून विलायतेला जायचा, कापड रंगवायला. उरलेली राळ ही दुय्यम. मग १८५६ मध्ये पर्किन नावाच्या इंग्रज पोरानं, वय अठरा, डांबरापासून निघालेल्या मालातून जांभळा रंग तयार केला. तिथून एकामागून एक कारखान्यातले रंग निघाले. पुढच्या काही वर्षांत लाखेच्या रंगाला कोणी विचारेना. ज्या पाण्यावर धंदा उभा होता ते पाणी गटारात सोडायला लागले.

पीक तिथंच मेलं असतं. पण उरलेल्या राळेला नवीन गिऱ्हाईक मिळालं. धुतलेल्या दाण्याला चौरी म्हणतात आणि ती वितळवून केलेल्या पातळ पापडीला चपडा. चपड्याचं लाकडावर उत्तम पॉलिश होतं, विजेच्या सामानात तो वापरता येतो. आणि १८९५ च्या सुमाराला ग्रामोफोनच्या तबकड्या चपड्याच्या करायला सुरुवात झाली. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी, एवढ्यावर तबकडी. १९०८ मध्ये कलकत्त्याला तबकड्यांचा कारखाना निघाला. बालगंधर्वांची नाट्यपदं ज्या काळ्या तबकड्यांवर घराघरात वाजली, त्या तबकड्या लाखेच्या. कोणत्या तबकडीत कोणत्या पळसाची लाख होती कोण सांगणार, पण जगाची बहुतेक लाख तेव्हा हिंदुस्थानातूनच जायची.

सरकारलाही किंमत कळली. १९२१ मध्ये लिंडसे आणि हार्लो या दोन अधिकाऱ्यांचा लाखेवर अहवाल आला आणि १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाख संशोधनाची संस्था उभी राहिली. ती आजही आहे, नाव मात्र बदललं. दुसऱ्या महायुद्धात लाखेची एवढी ओढाताण झाली की १९४२ मध्ये अमेरिकेनं तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लावली, लढाईच्या कामाला हवी म्हणून.

आणि पुन्हा तेच. १९४८ मध्ये प्लॅस्टिकची, म्हणजे विनाइलची तबकडी आली. न फुटणारी, जास्त वेळ वाजणारी. लाखेचा हा बाजारही गेला. आज लाख जाते ती औषधाच्या गोळ्यांवरच्या आवरणाला, चॉकलेट आणि सफरचंदाच्या चकाकीला, पॉलिशला, बांगड्यांना. धुण्याच्या पाण्यातल्या लाल रंगालाही आता पुन्हा मागणी आहे, कारण लोकांना खाण्यात नैसर्गिक रंग पाहिजे. जे गटारात सोडलं ते परत भांड्यात आलं.

यातून मी एवढंच शिकलो. माल बाजारातून गेला म्हणून झाड तोडायचं नसतं. बाजार परत येतो, पण तेव्हा झाड उभं पाहिजे.

आज्याचा काळ

आमचा भाग तेव्हा सी.पी. अँड बेरार प्रांतात. गाव मालगुजाराचं. तलाव त्यानं बांधलेला, म्हणूनच आज आपण मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारी तलाव. आजा सांगायचा, पडीत आणि रान मालगुजाराचं असल्यामुळं लाखेचा ठेका निघायचा. ठेकेदार परका, काम गावच्यांचं. आज्यानं झाडावर चढायचं, फांद्या तोडायच्या, आजीनं त्या खरवडायच्या, आणि संध्याकाळी मजुरीत धान मिळायचं. माल बैलगाडीनं गोंदियाला. गोंदियाला तेव्हा लाखेचे कारखाने होते. तबकडी हा शब्द आज्यानं ऐकला होता, पण आपण खरवडतो तिचीच ती होते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. जमीन कुळांच्या नावावर झाली. रान सरकारजमा झालं. धुऱ्यावरचे पळस मात्र आमचे झाले. आजा म्हणायचा, "आता झाड आपलं झालं आनं लाखेले भाव नाही." तरीही त्यानं शेवटपर्यंत दहा-बारा झाडांवर लाख ठेवली. दिवाळीला आजीच्या हातात त्याचेच पैसे असायचे.

पुढं कायदेही बदलले. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत लाखेचं नाव स्पष्ट आहे, म्हणजे रानातल्या लाखेवर गावाचा हक्क मान्य झाला. २०१३ मध्ये केंद्रानं वनोपजाला किमान भावाची योजना आणली, त्यातही लाख होती. ज्या मालासाठी आज्याला ठेकेदाराची मजुरी करावी लागली, त्याचा हक्क नातवाला कागदावर मिळाला. पण तोपर्यंत नातवानं काय केलं होतं ते सांगतो.

माझी चूक

१९९४ ला बहिणीचं लग्न ठरलं. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा. पैसे कमी पडत होते आणि वीटभट्टीवाला जळणासाठी झाडं मागत होता. आमच्या धुऱ्यांवर मिळून चाळीसच्या वर पळस होते. बाबांनी एवढंच म्हटलं, "तुझ्या आज्यानं राखलेले आहेत, बघ." मी बघितलं नाही. तीस झाडं कुऱ्हाडीनं पाडून दिली. मिळालेले पैसे मांडवाच्या खर्चातच संपले. गंमत बघा, त्याच लग्नाच्या पत्रावळींसाठी पानं मागायला शेजारच्या गावी जावं लागलं.

पळस सहजासहजी मरत नाही, हे आपलं नशीब. बुंध्यातून आणि मुळ्यांतून धुमारे येतात. आज जे चौदा आहेत त्यातले काही त्या तीसमधलेच पुन्हा फुटलेले आहेत.

दुसरी चूक दहा-अकरा वर्षांपूर्वीची. लाखेला बरा भाव आहे असं ऐकून मीही करायला निघालो. एका व्यापाऱ्याकडून बिहन, म्हणजे बियाण्याची लाख आणली. झाडाला बांधली, आठ दिवस रोज बघितलं, फांदीवर एक पिल्लू नाही. नंतर कळलं की त्यातली पिल्लं आधीच निघून गेली होती, उरलेल्यात पाकोळीच्या अळ्या. मी वाळकी काडी विकत घेऊन आलो होतो. त्या वर्षी घरात पळसाचं नाव काढायची सोय नव्हती.

प्रशिक्षण घेतलं ते त्यानंतर. मागच्या पावसाळ्यात पाच झाडांवर चार किलो बिहन बांधलं, दिवाळीच्या सुमाराला नऊ किलो छिललेली लाख निघाली. मजुरी घरची धरली तर एक बरी शेळी येईल एवढे पैसे. श्रीमंती नाही. पण त्या झाडांना मी खत दिलं नव्हतं, पाणी दिलं नव्हतं, आणि बँकेचं कर्जही काढलं नव्हतं.

करायचं तर असं करा

माझ्या वहीतलं आणि अनुभवातलं थोडक्यात देतो. जाणकारांनी चूक असेल तर सांगावी.

१. पळसावर आणि बोरीवर होते ती रंगीनी लाख. कुसुमच्या झाडावरची कुसुमी वेगळी, तिचा भाव जास्त. रंगीनीची पिकं दोन. जून-जुलैत बांधून ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते ती कतकी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधून पुढच्या जून-जुलैत निघते ती वैशाखी.

२. किड्याला कोवळी, रसाळ फांदी लागते. म्हणून कतकीसाठी फेब्रुवारीत आणि वैशाखीसाठी एप्रिलात हलकी छाटणी करावी. अंगठ्याहून जाड फांदीला हात लावू नये. कोयता धारदार पाहिजे, फांदी फाटता कामा नये.

३. सगळ्या झाडांवर एकदम लाख लावू नका. झाडांचे गट पाडा. एका गटावर पीक, दुसऱ्या गटाला विश्रांती. किडा झाडाचाच रस पितो, झाड थकतं.

४. बिहन ओळखायला शिका, मी ठेच खाल्ली ती इथंच. कवचावर पिवळसर ठिपका दिसू लागला की पिल्लं लवकरच निघणार. तेव्हाच काडी कापायची आणि लगेच बांधायची. व्यापाऱ्याकडून आणण्यापेक्षा ज्याच्या झाडावर लाख डोळ्यांनी दिसते त्याच्याकडून घ्या.

५. वीतभर काड्यांची जुडी करून बारीक नायलॉन जाळीच्या पिशवीत घालून फांदीला बांधा. लाखेचं पिल्लू जाळीतून बाहेर येतं, शत्रू पाकोळ्या आत अडकतात. तीन आठवड्यांनी पिशव्या उतरवा. रिकाम्या काडीला फुंकी म्हणतात. ती झाडावर राहिली तर त्यातूनच कीड पसरते. फुंकीवरची लाख खरवडून विकता येते.

६. वैशाखीला धोका उन्हाचा. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, किडा फांदीवरच मरतो. त्या भीतीनं लोक पीक कच्चंच काढतात, त्याला अरी म्हणतात. अरी विकून पैसे लवकर मिळतात, पण मग पावसाळ्याला बिहन कुठून आणणार? दोन-तीन झाडं तरी बियाण्यासाठी राखा. सगळं गाव अरी काढतं आणि जुलैत बिहनासाठी फिरतं, हे मी बघितलं आहे.

७. नवीन पळस लावायचे तर मे-जूनमध्ये पडलेल्या ताज्या शेंगा घ्या. जुनं बी उगवत नाही. पहिल्या पावसात शेंगेसह जागेवरच टोकावं, सोटमूळ खोल जातं म्हणून रोप उपटून लावलेलं जगत नाही. पिशवीत करायचं तर लांब पिशवी घ्या. वाढ सुरुवातीला फार हळू. घाई असणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. चोपण, पाणी साचणाऱ्या जमिनीतही हे झाड टिकतं, जिथं दुसरं काही येत नाही.

धुऱ्यावरची बैठक

परवा आम्ही दोघं भाऊ धुऱ्यावर बसलो. माझा मुलगाही होता. मी दादांना आज्याची आठवण काढून दिली, लाखेचा हिशोब दाखवला. ते म्हणाले, "हिशोब तुझा बरोबर आहे. पण माझ्या दोन तासांत धान होत नाही, तो हिशोब कोण दाखवील?" खरं होतं. सावलीचा पट्टा त्यांच्याकडं जास्त पडतो, झाडं पश्चिमेला आहेत म्हणून माझ्याकडं सकाळचीच सावली येते. इतकी वर्षं मी झाडाच्या बाजूनं बोलत होतो, पण त्याची किंमत शेजारी भरत होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "मोठे बाबा, मशीन वळते ती जागा कोपऱ्यातली. तिथली चारच झाडं आडवी येतात." आम्ही चालत जाऊन मोजलं. चार नाही, पाच निघाली. ठरलं असं. कोपऱ्यातले पाच काढायचे. बाकी नऊ ठेवायचे, पण त्यांची छाटणी दरवर्षी फेब्रुवारीत न चुकता करायची, म्हणजे लाखेला फांदीही मिळेल आणि सावलीही कमी पडेल. लाख निघेल त्याचे निम्मे पैसे दादांचे. दादा लगेच हो म्हणाले नाहीत. "एक वर्ष बघतो," एवढंच म्हणाले. पुढच्या दिवाळीला लाख निघाली नाही तर जेसीबीचं बोलणं पुन्हा निघणार, हे मलाही ठाऊक आहे.

यंदा छाटणीची वेळ हातची गेली, फुलांसाठी थांबलो. फुलं गळली की एप्रिलात छाटणी करून वैशाखीची तयारी करतो. पाच झाडं काढायच्या आधी त्यांच्या शेंगा गोळा करणार आहे. मामा तलावाच्या पाळीखाली सामाईक पडीत आहे, तिथं पहिल्या पावसात टोकीन. त्यांच्यावर लाख बांधायचं काम मुलाला करावं लागेल, माझ्याच्यानं तेवढं होईल असं वाटत नाही.

कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्रातली मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती. धान पट्ट्यात धुऱ्यावरच्या पळसाची सावली आणि लाखेचं उत्पन्न यांचा मेळ कसा घालावा, कोणत्या बाजूला किती झाडं ठेवावी, हे सांगा. चुलतभावांची भांडणं मिटतील.

आणि शेतकरी मित्रांनो, तुमच्या धुऱ्यावर किती पळस आहेत? तोडले असतील तर का तोडले तेही मोकळेपणानं लिहा. मी तीस तोडले आहेत, तुम्हाला नाव ठेवणार नाही. कोणाकडं जुलैत चांगलं बिहन मिळणार असेल तर जरूर कळवा.

होळीच्या शुभेच्छा. रंग फुलांचा खेळा, पण फुलं खाली पडलेली वेचा. फांदी मोडू नका.